आपण म्हणजे कोण कोण

३ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, हवालदार, तुमचं रक्त उकळतंय. गोळी देतो, पण डोक्यात येईल ते वहीत काढा, माणसांवर काढू नका. म्हणून ही वही. बायको म्हणाली, "बिचाऱ्या वहीचे हाल बघवणार नाहीत."

तर आजचं काढतो. दुपारी जेवणाच्या शेडमध्ये एका टेबलावर प्रार्थना चालू होती. ती संपायच्या आत शेजारच्या टेबलावर एकानं ढेकर दिला. बस, एवढंच. ढेकर मुद्दाम दिला की आपोआप आला, यावरून अख्खी शेड एकमेकांच्या अंगावर गेली. ताटं उडाली, बाकं उडाली. सुतारखात्यातल्या एकाचा कान दुसऱ्यानं दातानं तोडला आणि थुंकून टाकला. मी काठी काखेत धरून टेबलाखाली रांगत कान शोधत होतो. सापडला तेव्हा त्यावर कुणाचा तरी बूट पडून गेला होता. डॉक्टरांनी उलटसुलट करून बघितला आणि बादलीत टाकला.

मी चांगल्या चारपाच जणांना सोलून काढलं. एकाचं मनगट मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. हात अजून शिवशिवतोय.

संध्याकाळी तुरुंगाच्या नव्या अधीक्षक मॅडमनी बोलावलं. म्हटलं, शाबासकी मिळणार. तर म्हणतात, यांना एकमेकांचा धर्म शिकवायचा. आणि जे काहीच मानत नाहीत त्यांचं म्हणणंही. दर मंगळवारी वर्ग. बंदोबस्ताला तुम्ही बसायचं. कपाळ माझं.

५ मार्च, गुरुवार

शिकवणाऱ्या बाई आज येऊन खोली बघून गेल्या. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाल्यात. एवढीशी मूर्ती, फुंकर मारली तर उडेल. एका कानानं ऐकू येत नाही. मी बोलायला लागलो की तोच कान माझ्याकडे करतात.

त्यांची पद्धत ऐका. चिठ्ठ्या टाकायच्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, आणि काहीच न मानणारा. जी चिठ्ठी येईल त्या बाजूनं बोलायचं. स्वतःची आली तर परत टाकायची. आणि बोलताना "ते लोक असं मानतात" चालणार नाही. "आम्ही"सुद्धा चालणार नाही.

मी विचारलं, "आम्हीनं काय घोडं मारलंय?"

"हवालदार, मी म्हटलं 'आम्ही जेवलो', तर तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"आणि 'आपण जेवलो' म्हटलं तर?"

"तर मीपण जेवलो."

"झालं तर मग. या खोलीत सगळ्यांनी 'आपण' म्हणायचं. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं."

मॅडमनी त्यात आपली भर घातली. वर्गाच्या नोंदीत कोण कशाच्या बाजूनं बोललं तेवढंच लिहायचं, जन्मानं कोण काय आहे ते लिहायचं नाही. मीही या वहीत तेच पाळणार आहे. उद्या वही कुणाच्या हाती लागली तर नसती भानगड.

१० मार्च, मंगळवार

पहिला वर्ग. प्रश्न होता, जग कुठून आलं. माझ्या मते तुरुंगात विचारायचा प्रश्न आपण इथून कधी जाणार हा आहे, पण असो.

पहिल्यांदा बेकरीवाला उठला. हा तुरुंगाच्या भट्टीवर पाव भाजतो, फार देवभोळा. त्याला चिठ्ठी आली काहीच न मानणाऱ्याची. चिठ्ठी दोनदा उलटून बघितली. "आपण म्हणतो, जग कुणी केलं नाही. ते होत होत झालं. का झालं याला उत्तर असेलच असं नाही." एवढं बोलला आणि डोळे मिटून वरच्याची माफी मागायला लागला. सगळे फिदीफिदी हसले.

मग नाहीबुवा. हा वायरमन, भागीदाराला रागाच्या भरात पान्यानं मारून आत आलाय. देव आहे का, नाही बुवा. नशीब आहे का, नाही बुवा. त्यावरून नाव पडलं. त्याला हिंदूची चिठ्ठी. चांगला बोलला मेला. "आपण म्हणतो, घडतं, मोडतं, पुन्हा घडतं. याला पहिलं टोक शोधू नका. आणि जे तुझ्यात आहे तेच माझ्यात आहे, म्हणून मला मारलंस तर तू तुलाच मारलंस." भागीदाराला मारलेला माणूस हे बोलत होता.

मग मागून एकजण ओरडला, खुन्याच्या तोंडात असली भाषा नको, आणि स्टूल फेकलं. नाहीबुवाच्या खांद्याला लागलं. मी त्या फेकणाऱ्याला मानगुटीला धरून तोंड भिंतीवर घासलं. बाई म्हणाल्या, "पुरे." मी म्हटलं, तुमच्या तत्त्वज्ञानात बसत नसेल, पण माझ्या नोकरीत बसतं.

शेवटी पैलवान. नावाचाच नाही, खरा आखाड्यातला. बौद्धाची चिठ्ठी. "मी म्हणतो, जग कुणी केलं हे विचारत बसू नका, दुःख का आहे आणि कसं संपेल ते बघा." बाई म्हणाल्या, मी नाही, आपण. पुन्हा मी. पुन्हा आपण. शेवटी म्हणतो कसा, "बाई, लहानपणापासून एकटाच वाढलो. माझ्या तोंडात मी सोडून दुसरं काही बसतच नाही." असला आडमुठा.

१४ मार्च, शनिवार

मेहुणा जेवायला आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आम्ही धाकटाच म्हणतो त्याला. मीच शब्द टाकून तुरुंगात शिपाई म्हणून लावलाय. सासूबाई त्याच्याकडे राहतात. लग्न करत नाही, तेवढीच घरात तक्रार.

पोराची तब्येत उतरलीय. कारण मला माहीत आहे. हिवाळ्यात शिक्षेच्या कोठडीतला एक म्हातारा कैदी गेला, सगळे त्याला शिंपी म्हणायचे. जिन्यावरून पडून डोकं फुटलं. त्या दिवशी ड्यूटी धाकट्याची. आता कोर्टानं चौकशी काढलीय, कुणीतरी नातेवाईक मागे लागलाय म्हणे. तेव्हापासून पोरगं नीट जेवत नाही. हळवं आहे. मी म्हटलं, "अरे, माणूस पडला आणि मेला, त्यात तुझा काय दोष?" तर ताटावरून उठून हात धुवायला गेला. बायको मला म्हणाली, "अहो, जेवताना कशाला तो विषय काढता?" खरंय तिचं.

१७ मार्च, मंगळवार

आजचा प्रश्न, मेल्यावर काय. या प्रश्नावर तुरुंगातला जो तो तज्ज्ञ.

बेकरीवाल्याला पुन्हा काहीच न मानणारा आला. घाम फुटला बिचाऱ्याला, पण नियम म्हणजे नियम. "आपण मेलो की संपलो. दिवा विझल्यावर ज्योत कुठं गेली असं कुणी विचारत नाही. म्हणून जे काय करायचं ते इथंच." यावेळी त्यानं माफी मागितली नाही. जागेवर जाऊन विचार करत बसला.

पैलवानला मुसलमानाची. शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठवून जाब विचारणार, चांगल्याचं चांगलं आणि वाइटाचं वाईट समोर येणार, हे नीट सांगितलं, पण पुन्हा "मी, मी". बाई त्याच्या जवळ जाऊन बसल्या. पैलवानशेजारी त्या म्हणजे हत्तीशेजारी चिमणी. म्हणाल्या, "जबरदस्ती नाही. समोरचा खरंच तुझ्याबरोबर आहे असं वाटेल तेव्हाच म्हण. नाही वाटलं तर नको म्हणूस." पैलवाननं मान हलवली.

जेवणानंतर बराकीत राडा. बेकरीवाला देवाला नाही म्हणाला अशी हूल उठली. एकानं चहाचं उकळतं भांडं त्याच्या अंगावर ओतलं. छातीपासून पोटापर्यंत कातडी सोलून निघाली. मी त्याला उचललं तर सदऱ्याबरोबर कातडीही हाताला आली. आणि तो विव्हळत काय म्हणतोय, "त्यांना सांगा, ती चिठ्ठी होती." ज्यानं ओतलं त्याला मी दारामागे घेतलं. काय केलं ते लिहीत नाही. डॉक्टर ही वही मागतील कधीतरी.

१९ मार्च, गुरुवार

नाहीबुवानं मला गाठलं. म्हणाला, "हवालदारसाहेब, कोर्टाला अर्ज द्यायचाय. शिंपी मेला तेव्हा मी शेजारच्या कोठडीत होतो. तो पडला नाही. त्याला मारत होते. बराच वेळ मारत होते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तू बघितलंस का? म्हणाला, "बघितलं नाही, मधे भिंत होती. पण मारणारा मधेमधे बोलत होता. आवाज ओळखेन. कुणाचा ते इथं सांगणार नाही, कोर्टात सांगेन."

मी म्हटलं, "झालं ते झालं. वरचा बघतोय ना सगळं. तू कशाला मरायला यात पडतोस?"

"वर कुणी बघणारा आहे असं मला वाटलं असतं, तर मीही भिंतीकडे तोंड करून झोपलो असतो. मला नाही वाटत. मग ऐकणारा मी एकटाच उरतो."

डोकं उठवलं. पण अर्ज दाबणं माझ्या रक्तात नाही. मॅडमकडे दिला, मॅडमनी लगेच कोर्टाकडे पाठवला.

संध्याकाळी धाकटा घरी आला होता. त्याला सांगितलं, एक कैदी काय काय बरळतोय बघ. धाकट्याचा घास हातातच राहिला. "आवाज ओळखेन म्हणाला?" मी म्हटलं, हो, मोठा आलाय कानसेन. मग विचारायला लागला, वर्गात कुठं बसतो, भिंतीकडे की दाराकडे. मला बरं वाटलं, पोरगं निदान कशात तरी रस घ्यायला लागलं. सांगितलं, खिडकीखाली बसतो, दाराकडे पाठ करून. वर म्हणाला, "भाऊजी, मंगळवारी तुमच्या मदतीला येतो. एकट्यानं तुमची ओढाताण होते." बायकोचे डोळे भरून आले.

२४ मार्च, मंगळवार

पानाला रक्त लागलंय, बघा.

दारावर झडती धाकट्यानं घेतली. मी आत बाकं लावत होतो. प्रश्न होता, माफी कुणी करायची. बाई म्हणाल्या, तुरुंगात हा एकच प्रश्न खरा.

बेकरीवाला पट्ट्या बांधलेल्या अंगानं आला होता. त्याला ख्रिस्तीची चिठ्ठी. "आपण म्हणतो, माफी कमवायची नसते. ती मिळते. आपल्याला मिळालीय म्हणून आपण पुढच्याला द्यायची." आणि ज्यानं चहा ओतला त्याच्याकडे बघून मान हलवली. तो माणूस गुडघ्यात तोंड घालून बसला. एकाला हिंदूची आली, तो म्हणाला, केलेलं भोगूनच संपतं, या जन्मी नाहीतर पुढच्या. मग नाहीबुवा उठला. त्याला मुसलमानाची. "आपण म्हणतो, देवाचं काही चुकवलं तर देव माफ करेल. तो दयाळू आहे. पण माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो माणूस सोडेल तेव्हाच सुटका. देवसुद्धा परस्पर सोडत नाही." चिठ्ठीची घडी केली. "हे मला पटलं," म्हणाला. बाई हसल्या.

तेवढ्यात पैलवान उठला. त्याच्या हातात काहीच न मानणाऱ्याची चिठ्ठी होती. मला वाटलं, त्याची पाळी आली. तो चालत नाहीबुवाच्या मागे गेला आणि खालून वर हात मारला. घासून धार केलेला चमचा. एकदा कुशीत, एकदा बरगडीखाली, आणि मग मानेत घालायला गेला तर नाहीबुवा वळला, म्हणून गालातून आरपार. मारताना ओरडत होता, "देवाला शिव्या देतो, देवाला शिव्या देतो."

मी पोचेपर्यंत खाली रक्ताचं तळं. माझा पाय घसरला. पैलवानच्या डोक्यात काठी घातली, दुसरी घातली, तेव्हा पडला. बाई त्या रक्तात बसून दोन्ही हातांनी नाहीबुवाची कूस दाबून धरत होत्या. बेकरीवाला आपल्या पट्ट्या सोडून त्याला बांधत होता. धाकटा दारात नुसता उभा. पहिल्यांदाच एवढं रक्त बघितलं असेल.

नाहीबुवा जिवंत आहे. इस्पितळात नेलाय, पोट फाडून शिवलं. डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात शुद्धीवर आला तर आला.

एक कळत नाही. शिवी दिली कधी? मी ऐकली नाही. माझं लक्ष नसेल.

२५ मार्च, बुधवार

पैलवानला चौकशीच्या खोलीत घेतला. मी आणि धाकटा, दोघंच. मॅडमना वरून फोनावर फोन येतायत, त्या तिकडे. धाकटा म्हणाला, "भाऊजी, चमचा कुठून आणला ते मी बघून घेतलंय, भट्टीतून चोरला." मी पैलवानला विचारलं, तुला कुणी सांगितलं? त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, आणि म्हणाला, "आपण केलं ते केलं. आता आपणच निभवायचं."

त्याचं बोलणं संपायच्या आत धाकट्यानं काठी उलटी धरून त्याच्या तोंडावर मारली. दात फरशीवर पडले. आणखी मारत होता, मी ओढून बाजूला केला. अंगात भूत संचारल्यासारखा थरथरत होता. एकेकाळी मीही असाच होतो. माझ्या वर्गात हे झालं याचा त्याला राग आलाय. पोराचा माझ्यावर जीव आहे.

पैलवान तोंडाला फडकं धरून बसला. गल्लीत वाढलेली पोरं स्वतःलाच आपण म्हणतात, आपण कुणाच्या बापाला भीत नाही वगैरे. तसलंच.

२६ मार्च, गुरुवार

तुरुंग पेटलाय. शब्दशः. एका बराकीनं गाद्या जाळल्या, दुसरीनं दार उखडलं. कुणी म्हणतं, देवाला शिवी देणाऱ्याला मारलं ते बरं झालं. कुणी म्हणतं, त्याचा बदला घ्या. नाहीबुवाच्या बाजूनं लढणाऱ्यांत देव मानणारे जास्त आहेत, हे गणित मला सुटत नाही. दुपारी एका कोठडीत धूर कोंडून एकजण मेला. दुसऱ्याच्या पायात सळई घुसली, ती मी ओढून काढली, तो माझ्याच दंडाला चावला.

वर्ग बंद. वर्तमानपत्रात आलं, धर्मशिक्षणाच्या प्रयोगातून तुरुंगात हिंसाचार. मॅडमची बदली होणार असं बोलतात. मी म्हणालो होतो ना.

इस्पितळात नाहीबुवावर पहारा लागणार. कुणाला जायचं नव्हतं, रडगाणी सगळ्यांची. धाकटा आपणहून पुढं आला. मीच मॅडमना सांगून त्याचं नाव घातलं. परवापासून दिवसाची पाळी.

२८ मार्च, शनिवार

सगळं नीट क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी बाई आपली पुस्तकं न्यायला फाटकाशी आल्या. साडीवरचे डाग धुऊन निघाले नव्हते, तीच नेसून आल्या होत्या. विचारलं, "पैलवान काही बोलला का?"

"काय बोलणार. गल्लीतल्यासारखं बोलला. आपण केलं ते केलं, आता आपणच निभवायचं."

बाईंनी चांगला कान माझ्याकडे केला. पहिल्यांदाच. "काय म्हणाला? आपण?"

"हो."

"मी नाही म्हणाला?"

"नाही. आपण."

"हवालदार, त्या माणसाच्या तोंडून तो शब्द काढायला मी जिवाचं रान केलं. एकदाही निघाला नाही. शेवटी मी सांगितलं, समोरचा तुझ्याबरोबर आहे असं वाटेल तेव्हाच म्हण. तुमच्यासमोरच सांगितलं. तो हे बोलला तेव्हा समोर कोण कोण होतं?"

"मी," म्हणालो.

"आणखी?"

धाकटा. दारावरची झडती त्याची. खिडकीखाली, दाराकडे पाठ. आवाज ओळखेन. सगळं मीच जेवणाच्या ताटाशी बसून सांगितलं होतं. आणि आजपासून त्याची पाळी.

बाईंना तिथंच सोडून पळालो. रिक्षा केली, रिक्षावाल्याच्या खांद्यात बोटं रुतवून बसलो होतो, तो शिव्या देत होता. इस्पितळात जिने चढताना छातीत कळ आली. कैद्यांच्या वॉर्डाच्या दारावर दुसरा शिपाई नव्हता. नर्स म्हणाली, त्याला आतल्या साहेबांनी चहाला पाठवलंय. पलंगाभोवती पडदा ओढलेला.

पडदा बाजूला केला. धाकटा पलंगावर गुडघा टेकून वाकला होता. उशी तोंडावर, आणि उशीवर दोन्ही हात. नाहीबुवाचे पाय चादरीखाली झाडत होते.

मी नाव घेऊन हाक मारली. त्यानं मान वळवली, पण हात काढले नाहीत. म्हणाला, "भाऊजी, पडदा लावा."

मी काठी घातली. कोपरावर, पूर्ण ताकदीनं. हाड मोडलं. तो उलटा फिरला आणि डोक्यानं माझ्या तोंडावर धडक दिली, माझं नाक फुटलं. आम्ही दोघं सलाइनच्या स्टँडवर पडलो. त्यानं चांगल्या हातानं माझा गळा धरला. रडत होता आणि दाबत होता. म्हणत होता, "तो म्हातारा शिंपी मला शिव्या देत होता भाऊजी, नुसता गप्प करायला गेलो होतो." मी त्याच्या मोडलेल्या हातावर गुडघा दिला. तसा सुटला. त्याची किंकाळी अजून कानात आहे. लहानपणी सायकलवरून पडला होता तेव्हा असाच ओरडला होता. मीच उचलून आणला होता त्याला.

नाहीबुवाला उशीखालून बाहेर काढला. गालाचे टाके उसवले होते. डोळे उघडे. श्वास चालू होता. माझा जीव भांड्यात पडला असं म्हणतात, तसं काही झालं नाही. मी पलंगाला टेकून खाली बसलो.

घरी आलो तर बायकोला कळलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तिनं पातेलं फेकलं. कपाळावर बसलं. "माझा भाऊ होता ना तो?" म्हणाली. मी म्हटलं, हो. मग तिनंच कापूस आणून रक्त पुसलं. पुसताना इतकी दाबत होती की मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलो नाही.

३० मार्च, सोमवार

न्यायाधीश स्वतः इस्पितळात आले. नाहीबुवाला नीट बोलता येत नाही, गाल शिवलेला. कारकुनानं विचारलं, देवाची शपथ की नुसती प्रतिज्ञा? तो म्हणाला, प्रतिज्ञा. मग सांगितलं, शिंप्याला मारताना कुणाचा आवाज होता. पैलवाननंही कबूल केलं, शिक्षा माफ करून घेऊ असं धाकट्यानं सांगितलं होतं.

मी वॉर्डाबाहेर होतो. बाहेर येताना न्यायाधीश म्हणाले, हवालदार, उद्या तुमचा जबाब. बायकोच्या भावाविरुद्ध आहे, नाही म्हणायची मुभा नाही, पण सांभाळून बोला. मी मान हलवली.

३१ मार्च, मंगळवार

कोर्टात मलाही तोच प्रश्न विचारला. देवाची की प्रतिज्ञा? नाहीबुवासारखं प्रतिज्ञा म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण मी देवाचीच घेतली. तो शेजारी उभा आहे असं धरल्याशिवाय माझं तोंड उघडलं नसतं. सगळं सांगितलं. कुठं बसतो ते मी सांगितलं, पहाऱ्याला नाव मी घातलं, हेही. वकील म्हणाला, तेवढं विचारलेलं नाही. मी म्हटलं, लिहून घ्या.

बाहेर बायको बाकावर होती. म्हणाली, "आईला कुणी सांगितलेलं नाही. अपघात झाला, हात मोडला, एवढंच माहीत आहे तिला. आता तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघणार नाही."

सासूबाई खिडकीशी माळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी धाकट्याच्या इस्त्रीच्या कपड्यांची घडी. मी समोर बसलो, नाकाला पट्टी, कपाळाला पट्टी. म्हटलं, "हिवाळ्यात तो कैदी गेला होता ना, जिन्यावरून—"

"पडला नाही तो," सासूबाई म्हणाल्या.

बायको माझ्यामागे उभी होती, तिनं माझा खांदा धरला.

"त्या दिवशीचा शर्ट मीच धुतला. धूत होते आणि रक्त निघत नव्हतं. बटणात केस अडकले होते. पांढरे." माळ हातातून खाली ठेवली. "देवाला सगळं दिसतंय, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

मग त्यांनी मला विचारलं, शिंप्याची आई आहे का, आणि असली तर कुठं राहते.

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.